तंबूतल्या वेण्या

नवरा-बायकोनं एकमेकांच्या धंद्यात नाक खुपसू नये, असं म्हणतात. या घरात नवऱ्यानं खुपसलं आणि फार बरं केलं.

ती पार्लरवाली. गल्लीच्या तोंडाशी दोन खुर्च्यांचं पार्लर, आरशाच्या कडेला अडकवलेल्या पिना, कोपऱ्यात सतत घोंघावणारा ड्रायर. सगळी गल्ली तिला ताई म्हणते. शाळकरी पोरी म्हणतात आणि त्यांच्या आज्याही म्हणतात. खरं नाव आता कागदोपत्री तेवढं उरलंय. नवरा बस डेपोत वेळापत्रकं बसवायचा, आता निवृत्त. हाताला काम नसल्यामुळे घरातला कुकर सुद्धा वेळेवर शिट्टी देतो की नाही यावर त्याची नजर असायची.

पन्नाशी ओलांडल्यावर गुडघे कुरकुरायला लागले म्हणून डॉक्टरांनी ताईला पोहायला पाठवलं. ती पाण्यात गेली ती बाहेर यायलाच तयार होईना. पोहण्यातून सायकल निघाली, सायकलीतून धावणं निघालं आणि एक दिवस बाईनं थेट ट्रायथलॉनमध्ये नाव घातलं. आधी धरणाच्या पाण्यात पोहायचं, मग धरणाभोवती सायकलच्या दोन लांबलचक फेऱ्या आणि वर अर्धी मॅरेथॉन. सगळं सूर्य मावळायच्या आत. नणंद म्हणाली, "वहिनी, एवढ्या अंतराला आम्ही तिकीट काढतो."

दोन वर्षं ताई उतरली आणि दोन्ही वर्षं सायकलच्या टप्प्यावर वेळ संपली म्हणून तिला थांबवलं. थांबवलेल्यांना मागून येणारा टेम्पो गोळा करतो. सायकल मांडीवर आडवी घेऊन ती टेम्पोत बसली आणि लांबून, शेवटच्या कमानीखाली येणाऱ्या एकेकाचं नाव लाउडस्पीकरवर पुकारलं जाताना ऐकत राहिली.

त्या संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, इतकी वर्षं मी नवऱ्या मुली नटवल्या आणि मागच्या दारानं घरी आले. एकदा तरी भर गर्दीत माझं नाव पुकारलेलं ऐकायचंय मला. अजून एकदा उतरते. नाही जमलं तर सायकल भाचीला देऊन टाकीन."

हे ऐकून नवरा रात्रभर तळमळला असं मी म्हणणार नाही, तो छान घोरला. पण सकाळी चहा पिऊन कॉम्प्युटरसमोर बसला आणि शर्यतीचे मागच्या सगळ्या वर्षांचे निकाल उघडले. कोण कुठे किती वेळ होतं, सगळं तिथे लिहिलेलं असतं. असल्या तक्त्यांवर तर त्याचा जन्म गेला होता. पाणी कुठे मुरतंय ते शोधायला त्यानं चष्मा पुसला.

पहिला शोध सायकलच्या वाटेवरच्या पुलाचा लागला. जे सायकलस्वार दुपारच्या आत दुसऱ्यांदा पूल ओलांडत, ते ती फेरी सुखानं संपवत. उशिरा येणारे तिथे गोगलगाय होत. खरं-खोटं करायला तो भर दुपारी ताईला गाडीत घालून पुलावर घेऊन गेला आणि गाडी उभी करून खिडकीतून रुमाल बाहेर धरला. समोरच्या वाऱ्यानं रुमाल हातातून ओढून नेला.

"कळलं?" तो म्हणाला. "पहिली फेरी ओढून मारायची. दुपारचा हा वारा मामा-मावशी कुणाला ओळखत नाही."

"रुमाल नवा होता," ताई म्हणाली.

पण दुसरा शोध लागला तेव्हा तो पार्लरमध्येच येऊन उभा राहिला. खुर्चीत एक बाई तोंडाला लेप लावून बसली होती.

"अगं, बस कधी रस्त्यात उशीर करत नाही, थांब्यावर करते. पोहून आल्यावर तुमचा तो कपडे बदलायचा तंबू असतो ना? तिथे लोक सात-आठ मिनिटांत आवरतात. तू पंचवीस मिनिटं होतीस. दोन्ही वर्षी! आणि तुला थांबवलं ते दहा मिनिटांसाठी. काय करत होतीस आत? जेवलीस का?"

ताई कंगवा पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "वेण्या घालत होते."

"पंचवीस मिनिटं वेणी?"

"माझे केस बॉयकट आहेत हो. माझी कसली वेणी? पोरी पाण्यातून बाहेर येतात, केसांचा हा गुंता, हेल्मेट बसत नाही, रडकुंडीला येतात. एकीची घातली की दुसरी पाठ करून बसते. नाही कसं म्हणू?"

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. लेपवाली बाई इतकी हसली की लेपाला तडे गेले आणि ताईला तो पुन्हा लावावा लागला.

त्या दिवसापासून पार्लर बंद झालं की तालीम सुरू. खुर्ची म्हणजे तंबू. टॉवेल, बूट, हेल्मेट, पळ! सगळं झकास जमायला लागलं. मग परीक्षा म्हणून नणंद ओले केस सोडून शेजारी बसली आणि खोटं खोटं मुसमुसली. ताईनं बूट घातले, हेल्मेट उचललं, खाली ठेवलं आणि पाहता पाहता वहिनीची बोटं नणंदेच्या केसांत. जित्याची खोड, दुसरं काय!

"गेलं हे वर्ष," नवरा म्हणाला.

ताईला फार वाईट वाटलं. ती अर्धी वेणी हातात धरून बसली आणि तशीच एकदम म्हणाली, "मग आदल्या दिवशीच घालते की!"

शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळे आपापला नंबर घ्यायला सभागृहात येतात. ताईनं दारातच स्टूल टाकलं. जी येईल तिच्या डोक्याला घट्ट चिकटून दोन वेण्या. पोहायच्या टोपीतही बसाव्यात, हेल्मेटखालीही बसाव्यात. रांग पायऱ्यांवरून रस्त्यावर गेली. नवरा रांग सांभाळायला उभा राहिला आणि मध्ये घुसणाऱ्यांना असा ओरडला की त्याला दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. आयोजकांना वाटलं ही आपलीच सोय आहे. त्यांनी ताईला चहा पाठवला.

दुसऱ्या दिवशी ताई पाण्यातून निघून तंबूत शिरली, तर कुणी पाठ करून बसलं नाही. फक्त एक मोकळ्या केसांची होती, काल पोचायला उशीर झालेली. ताईचे हात शिवशिवले. पण कालच्या दोघी आधीच तिच्यामागे बसून वेणी घालत होत्या. वेणी वाकडी चालली होती. ताईनं ती पाहिली, देवाचं नाव घेतलं आणि डोळे मिटून बाहेर पळाली.

पहिली फेरी तिनं ओढून मारली. दुपारचा वारा सुटला तेव्हा ती दुसऱ्यांदा पूल उतरत होती. ज्या चौकात दोन वर्षं टेम्पो उभा होता, तिथून ती वेळेच्या आत सुटली आणि सायकलवरच मोठ्यानं हसली. पंच दचकला.

धावताना मात्र नाकी नऊ आले. गुडघे बोलायला लागले, मग भांडायला लागले. ती पळाली, चालली, पुन्हा पळाली. ऊन उतरलं, सावल्या लांबल्या. आता टेम्पोची धास्ती नव्हती, सूर्याची होती, आणि तो काही कुणासाठी थांबत नाही. शेवटच्या वळणावर कमान दिसली. दोरीपलीकडे नवरा उभा होता, शेजारी नणंद. ताईचा श्वास फुलला होता, कानात नुसता भणभणाट.

तेवढ्यात लाउडस्पीकरवर एक नाव खणखणीत पुकारलं गेलं. आडनावासकट, पूर्ण.

ताईला वाटलं, मागून कुणीतरी बाई जोरात येतेय. बिचारीला शेवटी अडथळा नको, म्हणून कमानीच्या ऐन तोंडाशी ताई पळायची थांबली, वाट द्यायला बाजूला सरकली आणि मागे वळून बघायला लागली. रस्ता रिकामा होता.

"अगं, तूच ती!" नवरा दोरीवर अर्धा लोंबकळत बेंबीच्या देठापासून ओरडला. "तुझंच नाव आहे ते! पळ!"