भिंतीवरचा मार्गदर्शक

सांगतो, पण एका अटीवर. हे ऐकून झालं की कुणी कमठाण्याला फोन लावायचा नाही. तिथं आजही माझं नाव निघालं की माणसं आधी भिंतीकडं बघतात आणि मग हसतात.

झालं काय, मागच्या उन्हाळ्यात एका संस्थेनं गावोगावच्या पोरापोरींसाठी सुट्टीतलं शिबिर काढलं. दहावी-बारावीची पोरं. रोज सकाळी शाळेत जमायचं, काहीतरी शिकायचं आणि शेवटी गावासाठी एक काम करून दाखवायचं. कमठाण्याच्या गटावर मेंटर म्हणून मला नेमलं. मी बीदरला कॉम्प्युटर शिकवतो. तिथं मला कुणी विचारत नाही. कमठाण्यात पहिल्याच दिवशी सगळा वर्ग उभा राहून 'नमस्ते सर' म्हणाला आणि, खोटं कशाला सांगू, माझं डोकं तिथंच फिरलं.

मेंटर म्हणजे काय ते पोरांना कळेना. म्हणलं, मार्गदर्शक म्हणा. आणि नियमच घालून दिला. कुठलंही काम असो, तक्ता असो की चित्र, खाली 'मार्गदर्शक: संतोष सर' लिहायचंच. का, तर म्हणे शिस्त. शिस्त कसली डोंबलाची, माझी हौस.

दुसरा नियम, अडचण सांगायची नाही, उपाय सांगायचा. हा नियम जरा लक्षात ठेवा. यानंच माझा घात केला.

गावासाठी काम म्हणून आम्ही एका भिंतीवर बालविवाहाविरुद्ध चित्र काढायचं ठरवलं. पंचायतीचे मेंबर बसअण्णा म्हणाले, "भिंत देतो की सर. चुना मारून ठिवतो." एका सकाळी बसमधून उतरतो तर काय, स्टॉपसमोरच लांबलचक भिंत, पांढरीफेक, चुन्याचा वास अजून दरवळतोय. मी मनातल्या मनात बसअण्णाला हात जोडले. इतकी मोक्याची जागा, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बसला दिसणार.

पोरं आली आणि भिंत बघून एकमेकांकडं बघायला लागली. त्यात पूजा म्हणून एक पोरगी होती. हात असा, की ब्रश टेकवला की मोर तयार.

"सर, ही भिंत..."

"पूजा, अडचण आहे की उपाय?"

"अडचण, सर."

"मग नको."

थोड्या वेळानं पुन्हा आली. "सर, ह्या घरात परवा..."

"परवाचं परवा बघू. आज काय करायचं ते बोल."

बरं, आदल्याच दिवशी मी त्यांना 'ऐकण्याची कला' यावर भाषण ठोकलं होतं. मधे कुणाला तोंड उघडू दिलं नव्हतं.

भिंतीमागच्या घराला कुलूप होतं. म्हणलं बरंच झालं, कुणाची कटकट नाही. मधेच एकजण मोटारसायकलवर रंगाचे डबे बांधून आला. "भिंत रंगवायची व्हती न्हवं?" म्हणाला. मी ऐटीत सांगितलं, "रंगवायलोत आम्हीच. जा तुम्ही." तो भिंतीकडं बघून काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. मी मनावर घेतलं नाही.

दुपारपर्यंत भिंत भरली. मधोमध मुंडावळ्या बांधलेली रडकी चिमुरडी, पाठीला दप्तर. वर हातभर अक्षरांत 'बालविवाह गुन्हा आहे'. तिच्या पायाशी 'लेकराला शिकू द्या, लग्नाची घाई कामून?' गावात दोन्ही भाषा, कुणाचं वाचायचं राहू नये म्हणून तेच सगळं कानडीतही. आणि सगळ्यात खाली, मार्गदर्शक: संतोष सर. तिथं उभा राहून मी फोटोही काढून घेतला.

चारच्या सुमारास एक टेम्पो आला. कापडाचे गठ्ठे उतरले, बाया उतरल्या आणि शेवटी घराचे मालक विश्वनाथअप्पा उतरले. सगळे मिळून उदगीरला लग्नाचा बस्ता बांधायला गेले होते. थोरल्या लेकीचं, सुजाताचं लग्न परवावर आलं होतं. चुना त्यांनी मारून घेतला होता, नवरा-नवरीची नावं लिहायला. आणि तो मोटारसायकलवाला त्यांनी सांगितलेला पेंटर. बसअण्णांनी दिलेली भिंत दुसरीच, शाळेमागं. आपल्याकडं लग्नघराची भिंत रंगवतात हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण कुणाला विचारेल तो मार्गदर्शक कसला?

अप्पांनी भिंतीजवळ जाऊन ओल्या रंगाला बोट लावून बघितलं. मग हळूच म्हणाले, "हे कुनी केलं?"

पोरांनी भिंतीच्या खालच्या टोकाला बोट दाखवलं. तिथं लिहिलेलंच होतं.

मी काही बोलायच्या आत अप्पांचा फोन वाजला. नवरा मुलगा चिंताकीचा. चिंताकीच्याच कुणीतरी बसच्या खिडकीतून फोटो काढून पाव्हण्यांच्या ग्रुपवर टाकला होता. फोनवर मुलाचे मामा होते. त्यांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"पाव्हणं, पोरीचं वय किती हाय, खरं सांगा. सरकारी मानूस घरावर लिहून गेलाय म्हनं."

"सरकारी न्हाई हो, शिबिरवाले..."

"कुनी का असंना. केस झाली तर नवरदेवाला आत टाकतेत. आमी यायलोत. आमचं समाधान झाल्याबगर लग्न न्हाई."

फोन ठेवून अप्पा ओट्यावर बसले ते उठेचनात. आत बायांनी रडायला सुरुवात केली. बघा ना, निघालो होतो बालविवाह थांबवायला आणि थांबवलं काय, तर सव्वीस वर्षांच्या बाईचं लग्न.

मामा जीप घेऊन आले. भिंतीसमोर उभं राहून त्यांनी सगळं मोठ्यानं वाचलं. आधी मराठीत, मग कानडीत. पोरांचं शुद्धलेखन चांगलं होतं, कुठं अडखळले नाहीत.

तेवढ्यात सुजाता बाहेर आली. चष्मा लावलेली, बीएड झालेली, बीदरच्या शाळेत शिकवणारी.

"मामा, ह्या चित्रातली पोरगी माझ्यासारखी दिसायलीय का?"

मामांनी चित्र बघितलं, तिला बघितलं. "न्हाई बा."

"एवढाल्या पोरींची मी मास्तरीन हाव. बघायला आलाव तवा नोकरीचं इच्यारलाव, पगाराचं इच्यारलाव. आन आता वय इच्यारायलाव?"

मामा नरमले. पण एवढी जीप करून आलेला माणूस, कुणावर तरी निघायलाच पाहिजे. ते माझ्याकडं वळले.

"तुमी सरकारी मानूस हाव?"

"नाही. मी मार्गदर्शक."

"कशाचे?"

आता याचं उत्तर तुम्ही द्या बघू. मी सरळ हात जोडले. "मामा, चूक सगळी माझी. लग्न थांबवू नका. भिंत उद्या नीट करून देतो."

"परवा वऱ्हाड उतरलं की आमच्या पोराचं नाव हिथं दिसलं पायजे," मामा म्हणाले. "न्हाई तर गाड्या तशाच माघारी जातेल."

पेंटरला फोन लावला. त्यानं माझा आवाज ओळखला आणि ठेवून दिला.

सुजाता म्हणाली, "पोरं काढतेल की. सर, तुमी बोलू नगा. बालदी धरा."

दुसऱ्या दिवशी मी बालदी धरली. पूजा सांगेल तसा चुना कालवला, सांगेल तिथं उभा राहिलो. संध्याकाळी अक्षरं तेवढी राहिली होती, तर पोरंच म्हणाली, "सर, तुमची बस चुकेल. आमी करतो." गेलो.

लग्नाच्या दिवशी सकाळी बसमधून उतरलो आणि बघतच राहिलो. वर 'मंगल परिणय'. खाली सुजाता आणि आनंद. कमळं, पिंपळपानं, दोन बाजूंना दोन मोर. वऱ्हाड गाड्यांतून उतरून भिंतीपुढं फोटो काढायलेलं. अप्पा हसत होते. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. ते पुसून खाली बघतो तर वधू-वरांच्या नावाखाली, ठळक लाल अक्षरात, मार्गदर्शक: संतोष सर.

"पूजा, हे कामून लिहिलीस?"

"तुमीच म्हणलाव ना सर, कुठलंबी काम असो, खाली लिहायचंच."

"अगं पण लग्नाच्या भिंतीवर?"

"मलाबी तसंच वाटलं हुतं सर. सांगनार हुते. पण ती अडचण हुती."

मागून खांद्यावर हात पडला. नवा फेटा बांधलेले मामा. राग कधीच गेलेला.

"काय सर, घरच्यास्नी आनलं न्हाई?"

"माझं लग्न झालं नाही अजून, मामा."

मामांनी भिंत वाचली. सावकाश, खालची ओळसुद्धा. मग मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"मंग हे मार्गदर्शन कशाच्या जोरावर करायलाव?"

शेजारी व्हिडिओवाला शूटिंग करत होता. मामांचा प्रश्न आणि माझं तोंड, दोन्ही सापडलंय त्यात. अप्पांच्या घरी पाव्हणा आला की आधी तेवढंच लावतात.