श्रीचे खिळे

साक्रीला ठाण्याचा प्रभारी असताना झालेली एक चोरी अजून मनातून जात नाही. खून, दरोडे पाहिले आणि विसरलोही. ही चोरी आठवली की मात्र घास गोड लागत नाही. नावं सांगत नाही, ती माणसं गावाला माहीत आहेत.

बाजारपेठेच्या तोंडाशी एक जुना छापखाना होता. मालकाला सगळे नाना म्हणत. त्यांच्या वडिलांनी धुळ्याहून बैलगाडीत घालून पायाने चालवायचं मशीन आणलं, तेव्हापासून लग्नपत्रिका, तमाशाची हँडबिलं, ग्रामपंचायतीची पावतीपुस्तकं, सगळं तिथेच छापलं गेलं. शिशाची सुटी अक्षरं, म्हणजे खिळे, हाताने जुळवायचे. पुढे फ्लेक्स आले, पत्रिका मोबाइलवर गेल्या. तरी नाना रोज कुलूप उघडायचे, मशीनला तेल घालायचे आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचे.

एके सकाळी ते ठाण्यात आले. "साहेब, बठ्ठा खिळा गयात," सगळे खिळे गेले, एवढंच बोलले आणि बाकावर बसले. अंमलदाराने फिर्याद लिहून घेतली, मी दोन पंच घेऊन गेलो. कुलूप तोडलेलं, लाकडी खाने उपडे, मशीन तेवढं जागेवर. कोपऱ्यात पाटावर एक पितळी ताटली होती आणि तिच्यात 'श्री'चे सगळे खिळे ओळीने मांडलेले होते. कोणतंही काम जुळवायला घेतलं की पहिला खिळा 'श्री'चा लावायचा आणि खंडेनवमीला पूजाही त्याचीच करायची, हा त्या घरचा रिवाज. "हे नेहमी ताटलीतच असतात का?" मी विचारलं. नानांनी मान दुसरीकडे वळवली आणि हो म्हणाले.

आठवड्याभरात खबऱ्याने बातमी आणली, की धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडे शिशाची पोती उतरली आहेत. आम्ही गेलो तोवर पोती भट्टीत गेली होती. शिशाच्या लाद्या जप्त केल्या. भंगारवाला पक्का मुरलेला. "साहेब, मी गिऱ्हाइकाचं तोंड नाही बघत, वजन बघतो," म्हणाला. दरडावलं, दिवसभर बसवून ठेवलं, पण पठ्ठ्या बधला नाही. इकडे नाना एक दिवसाआड ठाण्यात येऊन विचारायचे, "सापडनात का?" मला वितळल्याचं सांगवेना. तपास चालू आहे म्हणायचो.

मग खंडेनवमी आली. ठाण्यात शस्त्रपूजा असते. बंदुका पाटावर मांडून हवालदार एकेकीला कुंकू लावत होता. गेल्या वर्षीचं कुंकू अजून खाचांमध्ये अडकलेलं होतं. ते बघताना एकदम लक्षात आलं, की ताटलीतल्या त्या खिळ्यांवर नुसती शाई होती, कुंकवाचा डाग एकावरही नव्हता. म्हणजे ते कायम ताटलीत राहणारे, पूजेतले नव्हते; खान्यांत राहून छपाईत रोज पुसले जाणारे होते. चोराने पोती भरण्याआधी खान्यांतून 'श्री' तेवढे वेचून काढले होते. बाहेरचा चोर शिसं नेतो, देव वेचत बसत नाही.

नानांना एकच मुलगा. त्याला बोलावलं, चहा दिला आणि विचारलं, "श्री का ठेवलास?"

त्याने बशी खाली ठेवली. "श्री भट्टीना आगमा कसा टाकू, साहेब?" म्हणाला आणि ढसाढसा रडू लागला. नंतर सगळंच ओकला. त्या जागेत त्याला फ्लेक्सचं मशीन टाकायचं होतं, नाना ऐकत नव्हते. नाना रोज एखादी जुनी लग्नपत्रिका जुळवायचे आणि संध्याकाळी मोडायचे, ते त्याला बघवत नव्हतं. "कोनी येत नही साहेब, कोनीच नही. माले दखायेना."

मी नानांना बोलावून लाद्या दाखवल्या. चोर कोण, हे सांगायला तोंड उघडणार, तोच त्यांनी हात वर केला.

"श्री दखा तवयच माले समजनं, चोर घरना शे."

"मग फिर्याद कशाला दिलीत, नाना?"

"माले वाटनं, पोलीसना धाकमा तो खिळा परत आनी ठेवी."

म्हातारा तपासाची चौकशी करायला येत नव्हता, पोरगा वेळेवर घाबरला का, तेवढं बघायला येत होता. त्यांनी एका लादीवरून बोटं फिरवली. "बठ्ठा गावना लगन यामा शेतस," म्हणाले.

कोर्टात बापलेकांची तडजोड झाली. लाद्या नानांच्या ताब्यात द्यायचा हुकूम झाला, पण त्या न्यायला ते आले नाहीत. आमच्या कागदोपत्री गुन्हा उघडकीस, मुद्देमाल हस्तगत. वरिष्ठांनी शाबासकी दिली, ती घेताना शरम वाटली. पोलिसाला चोर शोधता येतो, घरातून गेलेलं परत आणता येत नाही, हे नोकरीच्या शेवटी शेवटी मला कळलं. कळून उपयोग काय, तेही माहीत नाही.

वर्ष झालं नसेल, बाजारातून जाताना छापखान्याच्या जागी मुलाचं फ्लेक्सचं नवं दुकान दिसलं. दारावर ताजा फ्लेक्स टांगला होता, शाईचा वास येत होता. त्यावर नानांचा हार घातलेला फोटो होता. दुःखाच्या कागदावर 'श्री' घालत नाहीत. मुलाने हाही रिवाज पाळला होता.