पाहुण्यांसाठी खोळंबलेलं मंजुरीपत्र

मंडळी, आज आईबरोबर शहरात दूध उत्पादकांच्या सरकारी मेळाव्याला गेले होते. धार काढायच्या यंत्राला अनुदान मंजूर झालंय, त्याचं पत्र मिळणार होतं. धारा काढून काढून आईची बोटं आता नीट मिटत नाहीत. घरातली पहिली पदवीधर म्हणून अर्ज मीच भरला होता.

कार्यक्रम दोनचा. चार वाजले तरी प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही. हडपसरच्या पुढे आमचं गाव, धारेची वेळ होत आलेली. आई उठली.

माईकवरून खात्याचे साहेब म्हणाले, "ताई, सरकार तुमच्यासाठी एवढं करतंय, तुम्हाला जरा बसवत नाही?"

"बसते की साहेब. धारा काढायला तुम्ही जाताय का?"

सभागृह हसलं. आई निघाली, पाठोपाठ आणखी बायका निघाल्या.

मी थांबून पत्र मागितलं. साहेब म्हणाले, "लाभार्थी स्वतः हव्यात. पाहुण्यांबरोबर फोटो असतो."

साडेपाचला पाहुणे आले, रिकाम्या खुर्च्यांना कष्टाचं महत्त्व सांगून गेले. पत्र फायलीत परत गेलं. आईने आजही हातानेच धारा काढल्या.

गाईची धार संध्याकाळी काढतात, एवढंही ज्यांना ठाऊक नाही, त्यांचं दुधावरचं मार्गदर्शन ऐकायला तुम्ही किती वेळ बसला असतात?