ब्रेकवरचा माझा पाय

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, तुझ्या व्हॅनची पुढची चाकं काळी आणि मागची पांढरी कशी? मी सांगायला तोंड उघडलं तोवर तुमचे बाबा मधेच म्हणाले, "आजीनं गेट पाडलं, म्हणून." तुम्ही खो खो हसलात. बाबांचं म्हणणं खोटं नाही. पण कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेल्या बाईला एका वाक्यातला सारांश सहन होत नाही, म्हणून लगेच लिहायला बसले. वाचून दाखवताना बाबांनी काही गाळू नये. पानांवर क्रमांक घातलेले आहेत.

व्हॅन तुमच्या आजोबांची. तुमचे बाबा चौथीत होते तेव्हा घरी आली. आता ती इतकी जुनी झाली आहे की सिग्नलला लोक तिचे फोटो काढतात. पूर्वी मला वाटायचं, माझे काढतात.

तिच्यात एक गोष्ट आहे जी दुसऱ्या कुठल्या गाडीत नाही. मधलं सीट काढून आजोबांनी तिथे घरातली हातांची लाकडी खुर्ची चार बोल्टांनी पक्की केली आणि तिला पट्टा लावला. ती वन्संची खुर्ची. वन्सं म्हणजे आजोबांची थोरली बहीण. त्या दुधनीला एकट्या राहतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना खाली वाकून बसायचं नाही आणि उंच चढायचंही नाही असं सांगितलं. साधी कार फार खाली, जीप फार वर. व्हॅनचा दरवाजा सरकतो आणि तळ बेताच्या उंचीवर आहे. त्यामुळे वन्सं दर दोन महिन्यांनी त्या खुर्चीत बसून आमच्याकडे येतात आणि वाटेत माझं काय काय चुकतं ते सांगतात.

आजोबा गेल्यावर गाडी मी चालवू लागले. गाडीची वही केली. तेल कधी बदललं, टायरमध्ये हवा किती, पाणी कधी भरलं, प्रत्येकाला लाल शाईचा रकाना. मला त्या वहीचा फार अभिमान होता. ब्रेकचा रकाना मात्र तिच्यात नव्हता. दर तीन महिन्यांनी एका रविवारी आजोबा गाडीखाली शिरून चारही चाकांचे ब्रेक आवळत आणि ते त्यांनी कधी कुठे लिहून ठेवलं नाही. जे लिहिलेलं नाही ते अस्तित्वात नाही, असं मी नोकरीत शिकले होते.

त्यांची आणखी एक सवय होती. साचलेल्या पाण्यातून गाडी बाहेर काढली की ते थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायचे. मी शेजारी बसून म्हणायची, "अहो, उगाच कशाला ब्रेक झिजवता?" ते हसायचे. उत्तर द्यायचे नाहीत. त्याचं उत्तर मला गेल्या वर्षी गणपती उठल्यावर मिळालं.

त्या दिवशी मी वन्संना दुधनीहून आणत होते. सोलापुरात शिरताना पाऊस थांबला होता, पण रेल्वेच्या पुलाखाली पाणी होतं. आमची गल्ली पुलापासून फर्लांगभर. मी पाण्यातून ऐटीत गाडी काढली, वळण घेतलं, आपलं गेट दिसलं आणि ब्रेक दाबला. काही झालं नाही. पुन्हा जोरात दाबला, तेव्हा उजव्या चाकानं ऐकलं आणि डाव्यानं ऐकलं नाही. गाडी उजवीकडे वळली आणि माणूस चालतो त्या वेगानं आपल्याच गेटच्या खांबावर जाऊन टेकली. खांब हळूच मागे कलला. गेट पडलं. त्यावर मी स्वतः रंगवून घेतलेली पाटी होती: गेटसमोर वाहन उभे करू नये. पाटी बंपरवर येऊन बसली.

मागून वन्सं शांतपणे म्हणाल्या, "अय्य, वैनी, घर आलं की! हितंच उतरू का अजून आत घालतीस?"

कुणाला काही लागलं नाही. पण समोरच्या घरातल्यांनी फोटो काढला आणि तो सातासमुद्रापलीकडे तुमच्या बाबांना माझ्या आधी पोचला.

"आई, बास झालं. भंगारात दे."

"ब्रेक दुरुस्त करते."

"किती वेळा? आत्याला काही झालं असतं तर?"

शेवटी असं ठरलं की गाडी बघणारे मिस्त्री सांगतील ते काम झालं की एका रविवारी मी गल्लीत गाडी थांबवून दाखवायची आणि बाबा ते फोनवर बघणार. थांबली तर राहील. नाही थांबली तर सोमवारी भंगारवाला. मी शब्द दिला. वन्सं ओट्यावर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आन् मग मला दुधनीला कशातनं धाडतीस? पोत्यातनं?"

मी हसले खरी, पण प्रश्न बरोबर होता. त्या आमच्याकडे अडकल्या होत्या. तिकडे त्यांचं घर, दोन म्हशी आणि सगळ्या गावाशी चालू असलेली भांडणं त्यांची वाट पाहत होती. खुर्ची गेली की एक तर त्या दुधनीत कायमच्या बसणार नाही तर माझ्याकडे.

मिस्त्रींचं गॅरेज जुन्या गिरणीच्या मागे आहे. व्हॅन त्यांच्या ओळखीची. ते घरी आले, लिंबाखाली गाडीचं पुढचं चाक काढलं आणि म्हणाले, "बाई, ह्याला परत तसलंच जुनं बसवायचं म्हनलं तर परत गेट बांधून ठेवा. फुडं डिस्क टाकू."

मग त्यांनी मला समजावलं, ते तुम्हाला सांगते. ड्रम ब्रेक म्हणजे झाकण लावलेला डबा. चाकाबरोबर डबा फिरतो, ब्रेक दाबला की आतले दोन अर्धगोल तुकडे बाहेर रेटून डब्याला घासतात. डब्यात पाणी शिरलं की ते घसरतात; ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवलं की घासून वाळतात, आजोबा तेच करायचे. डिस्क ब्रेक म्हणजे उघडी ताटली. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, तुमचे बाबा लहानपणी माझ्या हातून कान धरून घ्यायचे तसं. ताटलीवर पाणी थांबत नाही, उडून जातं. आमच्या गाडीचं जरा नंतरचं मॉडेल डिस्कवालं होतं. त्याचा पुढचा भाग भंगार बाजारात मिळत होता. फक्त चाकं थोडी मोठी लागणार होती, नाही तर चिमटा आत मावत नव्हता. म्हणून पुढची चाकं काळी. हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हवं तर इथे थांबा.

आरटीओतले कागद मी आधीच करून ठेवले. कागदाच्या बाबतीत मी कधी मागे नसते. शिवाय कुणा परदेशी हौशी माणसानं आपल्या गाडीत असाच बदल करून इंटरनेटवर सविस्तर इंग्रजीत लिहून ठेवलं होतं. मी त्याची चाळीस पानं छापून आणली, फाइल केली, रंगीत चिठ्ठ्या लावल्या. मिस्त्री काम करत आणि मी स्टुलावर बसून त्यांना मराठीत अर्थ सांगे. ते प्रत्येक वाक्याला "व्हय बाई" म्हणत आणि आपल्याला हवं तेच करत.

निघालेले बोल्ट हरवू नयेत म्हणून मी मसाल्याचा जुना डबा आणला. प्रत्येक बोल्टला कार्ड: पुढचे डावे, वरचा, क्रमांक तीन. अशी एकवीस कार्डं झाली. दुपारी चहा घेताना मिस्त्रींनी डबा पाहिला.

"लई झाक लावलंय बाई. पर ह्ये जुन्या ब्रेकचं बोल्ट. आता ह्येतला एक बी लागत न्हाय."

"सकाळी का नाही सांगितलंत?"

"तुमी लिव्हत हुता की. म्हनलं, मधी कुटं बोलावं."

तर शुक्रवारी ताटल्या बसल्या, चिमटे बसले, ब्रेकचं तेल रेटणारा नवा मास्टर सिलिंडर आणि नवे पाइप बसले. उरलं होतं पाइपांतली हवा काढणं. ब्रेकच्या तेलात हवेचा बुडबुडा राहिला तर पायाखाली ब्रेक स्पंजासारखा लागतो आणि गाडी थांबत नाही. हे दोघांचं काम आहे. एकानं गाडीत बसून ब्रेक दाबून धरायचा. दुसऱ्यानं चाकाशी पडून तिथला बारीक स्क्रू सैल करायचा, म्हणजे तेलाबरोबर हवा बाहेर येते. मग स्क्रू आवळून "सोडा" म्हणायचं.

ब्रेकवर मी बसले. दुसरं कोण बसणार? फाइल माझ्याकडे होती.

"दाबा बाई."

"दाबला."

"धरा... धरा... सोडा."

बुडबुडे आले. पुन्हा केलं. पुन्हा बुडबुडे. संध्याकाळपर्यंत केलं, बुडबुडे संपेनात. शनिवारी मिस्त्रींनी वॉशर बदलले, सगळे जोड उघडून पुन्हा आवळले. मी फाइलमधून संशयितांची यादी केली: सील, पाइप, वॉशर, सिलिंडर, असे सात. एकेकावर फुली मारत गेलो. दुपार झाली, सातही फुल्या मारून झाल्या आणि ब्रेक तसाच मऊ. मी मिस्त्रींना जरा कडकच म्हणाले, "नीट आवळताय ना? इथे स्पष्ट लिहिलंय, जोड पक्का हवा."

ते पुन्हा चाकाशी पडले. उन्हं उतरल्यावर ते हात पुसत उठले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. कान लालबुंद झाले होते.

"बाई, मला आता काय सुदरंना. जितकं म्हायती हुतं तितकं केलं. उद्या तुमच्या लेकाला काय दावायचं? शब्द दिलाय तर द्या गाडी."

मी ब्रेकवर पाय तसाच ठेवून बसले होते. समोर पडलेल्या गेटची जागा दिसत होती. मागे ती खुर्ची. आजोबांनी तिच्या हातांना गादी शिवून घेतली होती. ती आता कडेनं उसवत आली होती. भंगारवाला पहिली तीच काढून टाकेल, एवढंच डोक्यात आलं.

ओट्यावर दुसऱ्या खुर्चीत बसून वन्सं शेंगा सोलत होत्या. व्हॅनचा माझ्या बाजूचा दरवाजा उघडा होता आणि त्यांना माझे पाय समोर दिसत होते. शेंगेवरची नजर न उचलता त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुमी सोडा म्हनायच्या आदीच ही सोडती बगा."

मिस्त्री वळले. "काय?"

"काल धरनं बगतीया. ही तोंडातल्या तोंडात काय तरी मोजती. मोजून झालं की पाय वर. तुमचं सोडा मागनं येतंय."

फाइलमध्ये लिहिलं होतं: दाबा, दहा अंक मोजा, सोडा. पान तेवीस. मी इंग्रजीत एक ते दहा मोजत होते, अगदी शिस्तीत. पण भंगारातून आणलेल्या चिमट्याचा स्क्रू गंजलेला, आणि मिस्त्रींचे हात साठीचे. त्यांना बारा-तेरा लागत. म्हणजे स्क्रू उघडा असतानाच मी पाय उचलत होते आणि पाइप बाहेरची हवा आत ओढून घेत होता. दोन दिवस मिस्त्री हवा काढत होते आणि मी भरत होते. संशयितांच्या यादीत माझा पाय नव्हता.

"वन्सं! कालच का नाही बोललात?"

"मला काय म्हायती? मला वाटलं, इंग्लिशमधी आदीच सोडत्यात."

मिस्त्री खाली बसले आणि पोट धरून हसू लागले. मी फाइल मिटली. त्यांची माफी मागितली तीही उभी राहून, नीट, कारण कडक बोलले होते तेही नीटच बोलले होते.

मग वन्संनी ओट्यावरची खुर्ची कडेला ओढून घेतली आणि माझ्या पायावर पहारा दिला. "दाब. हं. सोडू नको... सोडू नको म्हनलं की! ...आता सोड." आयुष्यात प्रथमच मी दुसऱ्याच्या सांगण्याबरहुकूम, एक अंकही न मोजता, पाय हलवला. एवढं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही. चौथ्या खेपेला बुडबुडे थांबले. ब्रेक दगडासारखा घट्ट झाला.

रविवारी गेटच्या पाच पावलं अलीकडे मी रांगोळीनं सरळ रेघ काढली. मिस्त्रींनी फोन धरला, त्यात तुमचे बाबा, कपाळाला आठ्या घालून. रस्ता मुद्दाम ओला केला होता. वन्सं मागे खुर्चीत बसल्या. मी नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "मी नसले तर थांबली काय, न थांबली काय!" मांडीवर शेंगाचटणीचा डबा होता.

मी गल्लीच्या तोंडापासून गाडी आणली आणि ब्रेक दाबला. गाडी रेघेच्या चांगली तीन पावलं अलीकडे, नाक सरळ ठेवून उभी राहिली. वन्संना पट्ट्यानं धरलं. डब्याला पट्टा नव्हता. चटणी सबंध काचेवर, माझ्या केसांत, फाइलवर.

फोनमधून बाबा म्हणाले, "आई, दोन स्टेपन्या ठेव. पुढची मागे बसत नाही."

त्याच्या तोंडून होकार असाच येतो. त्याच्या वडिलांवर गेलाय.

सोमवारी मी वन्संना दुधनीला सोडून आले. पुलाखाली पाणी नव्हतं, तरी पुढे थोडं अंतर मी ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवलं. पुढच्या चाकांना आता त्याची गरज नसते असं मिस्त्री म्हणतात.

गेटचा उजवा खांब नवा आहे, डावा जुना. पाटी पुन्हा लावलेली नाही. एकवीस जुने बोल्ट नंबरासकट मसाल्याच्या डब्यात आहेत. व्हॅनच्या मागच्या दोन चाकांना अजून ड्रमच आहेत आणि वहीत आता त्यांचा रकाना आहे. खुर्ची जागेवर आहे.