खाप्याची वहिनी आणि तिच्या गळ्यातला क्रूस

खाप्याला मी पहिल्यांदा गेले ती फिरायला म्हणून नव्हे, वहिनीवर नजर ठेवायला. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही नागपुरात नंदनवनला राहत होतो, मी नुकतीच टेलिफोन खात्यात लागले होते, आणि माझा थोरला भाऊ, आमचा दादा, जाऊन दोन वर्षं झाली होती. सावनेरच्या रस्त्यावर मँगनीजच्या ट्रकने त्याच्या सायकलला उडवलं होतं. लोकांनी ड्रायव्हरला तिथेच इतकं मारलं, की त्याचे पाय गेले. पुढे खटल्यात तो सुटला. वहिनीला मूलबाळ नव्हतं. तिने खाप्याच्या मिशन दवाखान्यात नोकरी धरली आणि आमच्याकडे येणं हळूहळू कमी केलं.

मग गांधीबागेतून बातमी आली. बाबा एका कापड दुकानदाराकडे चादरी घ्यायला गेले होते. तो खाप्याच्या विणकरांकडून माल उचलायचा, त्यामुळे गावातलं सगळं त्याला ठाऊक. तो म्हणाला, "तुमची सून गळ्यात क्रूस घालून फिरून राहिली गा. अन् रोज डबा घेऊन कोणाकडे जाते, माहीत हाय? त्या ड्रायव्हरकडे."

बाबा घरी आले ते चपला न काढताच खाटेवर बसले. छप्पन साली त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि घरातले सगळे देव स्वतःच्या हाताने बाहेर नेले होते. "आपण कोणाच्या दुधाच्या पावडरीसाठी धर्म नाई बदलला," ते म्हणाले. "इले काय देल्लं असंल त्याहीनं? तू जाय. डोळ्यानं पाहून येजो." तिच्या आणि त्या ड्रायव्हरच्या संबंधांबद्दल दुसरा एक संशयही होता. तो ते बोलले नाहीत, मीही बोलले नाही.

नंदनवनहून सायकल रिक्षाने एसटी स्टँड, तिथून खाप्याची गाडी. आज रस्ता गुळगुळीत आहे आणि पाऊण-एक तासात पोचता. तेव्हा गाडी प्रत्येक पाटीला थांबायची आणि निम्मी सकाळ खायची. स्टँडवरचा आलूबोंडा मात्र गरम मिळाला, हिरव्या मिरचीसकट. जाणाऱ्यांनी हिवाळ्यात जावं. सावनेरकडे वळलं की दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागतात आणि खिडकीतून नुसता वास आत येतो. मी त्या दिवशी बागा पाहिल्याच नाहीत. वहिनीला काय काय विचारायचं, ते मनात घोकत होते.

शेजारी खाप्याचीच एक विणकर बाई बसली होती. मी नातं न सांगता दवाखान्याचा विषय काढला.

"क्रूसवाली बाई?" ती लगेच माझ्याकडे सरकली. "कोणी म्हणते मिशनवाल्याहीनं पगार वाढवून देल्ला. कोणी म्हणते त्या लंगड्यानं जादू केली. मी सांगू का तुले? ते त्याले हळूहळू विष देऊन राहिली असंल. काहून नाई देणार? नवरा मारला तिचा."

मला धक्का बसायला हवा होता. खरं सांगते, मला थोडं बरं वाटलं. निदान ते समजण्यासारखं होतं.

गाव कन्हानच्या काठी. अरुंद गल्ल्यांमधून मागांची खटखट ऐकू येते. दवाखाना गावाच्या टोकाला होता आणि त्याला लागून एक कौलारू प्रार्थनाघर. वहिनी कामात होती, म्हणून मी आधी तिथेच शिरले. आत मूर्ती असेल, मेणबत्त्या असतील असं वाटलं होतं. भिंतीवर फक्त लाकडाच्या दोन साध्या फळ्या, एकमेकींवर आडव्या ठोकलेल्या. खाली एक वयस्कर पाळकसाहेब सतरंज्या झटकत होते.

मी नाव सांगितलं आणि सरळ विचारलं, "ज्याच्यावर तुमच्या देवाला मारलं, तेच गळ्यात घालायचं? फाशीचा दोर कोणी दागिना म्हणून घालतं का?"

त्यांना राग आला नाही. त्यामुळे माझा संशय आणखी वाढला. "दागिना नाहीच तो," ते म्हणाले. "वधस्तंभ म्हणतात त्याला. त्या काळी गुलामांना, बंडखोरांना भर रस्त्यात त्यावर लटकवायचे. सगळ्यात लाजिरवाणं मरण. आम्ही मानतो की देव आमच्यासाठी तिथपर्यंत उतरला आणि मारणाऱ्यांसाठीही त्याने क्षमा मागितली."

"म्हणजे मार खा आणि गप्प बसा. आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं, साहेब. ते सोडून द्यायला आम्ही दीक्षा घेतली."

त्यांनी हातातली सतरंजी खाली ठेवली. "तसं शिकवणारे आमच्यातही आहेत," ते म्हणाले. "ते चुकतात. मार खाणाऱ्याला गप्प बस म्हणणं, हा क्रूस नव्हे. तो ज्याने उचलला त्याने स्वतःच्या मनाने उचलला."

"मग माझ्या वहिनीला त्या माणसाकडे कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. मी तर नकोच म्हटलं होतं. गाव बोलेल, तुला झेपणार नाही, असं दोनदा सांगितलं. ऐकलं नाही तिनं."

मला हे पटलं नाही. कोणीतरी पाठवल्याशिवाय माणूस असं करत नाही, ही माझी खात्री होती.

दुपारी वहिनी बाहेर आली. आधीपेक्षा वाळलेली. गळ्यात काळ्या दोऱ्यात अंगठ्याएवढा लाकडी क्रूस. मला पाहून ती हसली, मग माझा चेहरा पाहून थांबली. "बाबांनं पाठवलं ना वं तुले? चाल मंग. जे पाहाले आली ते पाहून घे."

ती डबा घेऊन पुढे, मी मागे. वाटेत मी म्हटलं, "तुला त्याचा राग येत नाही का?"

"रोज येते," वहिनी म्हणाली. "दवाखान्यात पट्टी कराले मलेच लावलं होतं. एकदा तो पाणी मागून राहिला, अन् मी दारात उभी राहून नुसती पाहत होती. मले मजा वाटली, शालू. अन् मंग मलेच माह्यी भीती वाटली. म्हटलं, ह्यानं तं एकदाच मारलं, मी रोज मारीन."

"आणि हा क्रूस घातला की राग जातो?"

"नाई जात. राग राहते अन् भाकरही थापा लागते. दोन्ही. मले आधी वाटे, क्षमा म्हणजे मन गोड होते. तसं काही नाई होत वं."

खोली नदीकडच्या उतारावर होती. बिसन, तो ड्रायव्हर, भिंतीला टेकून बसला होता. मी कोर्टात पाहिलेला, पाय गेले तरी दणकट दिसणारा माणूस यात शोधूनही सापडेना. तो छिंदवाड्याकडचा, हिंदी बोलणारा; खाप्यात त्याचं कोणी नव्हतं. वहिनीने डबा उघडला: ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. ताट त्याच्यापुढे ठेवलं, पण त्याने हात लावला नाही.

"पहले तुम खाओ, बाई."

वहिनीने भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, त्याच्यासमोर चावून गिळला. तोंड उघडून दाखवलं. मग तो ताट ओढायला लागला. मला गावातलं बोलणं आठवलं. म्हणजे यालाही तेच वाटत होतं. ती रोज त्याच्यासाठी रांधत होती आणि तो रोज तिची परीक्षा घेत होता!

"इतके महिने असंच चाललंय?" मी विचारलं.

"हो," वहिनी म्हणाली, जसं काही तो मीठ जास्त मागतो एवढंच.

माझ्या आवाजाने त्याने वर पाहिलं. दादाचं आणि माझं नाक एकसारखं होतं, सगळे म्हणायचे. त्याने ताट दूर सारलं. "ये बहन है उसकी," तो म्हणाला. "आज कुछ मिलाया है. आज ये खाएगी."

वहिनी मला खा म्हणाली नाही, खाऊ नकोस म्हणाली नाही. मी त्या माणसाकडे पाहत उभी होते. याने उपाशी राहावं, असं मला मनापासून वाटत होतं. पण वहिनीच्या हातावर भाकर थापताना भाजल्याचा ताजा डाग होता, तो दिसला. तिची भाकर वाया जाऊ नये, एवढ्याच कारणाने मी खाली बसले. तुकडा मोडला आणि तोंडात घातला. अंबाडी आंबट, वर लसणाची फोडणी. घास चावून गिळला. तो माझ्या घशाकडे बघत होता. मग त्याने ताट ओढलं आणि खाली मान घालून खायला लागला. कोणी कोणाची माफी मागितली नाही.

परतीच्या गाडीत मला जागा मिळाली नाही. नागपूर येईपर्यंत दांडा धरून उभी होते.

बाबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "पण याच्यातून तिले काय भेटते?"

"काही नाही."

"तेच तं संशयाचं हाय," बाबा म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

पुढच्या उन्हाळ्यात बिसनचा भाऊ येऊन त्याला गावी घेऊन गेला. मी पुन्हा खाप्याला गेले तेव्हा वहिनीने सांगितलं. जाताना तो तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता. ती दवाखान्याच्या दारात उभी होती आणि बैलगाडी तिच्या समोरून निघून गेली. "वाईट वाटलं?" मी विचारलं. "लय," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "म्हणजे तिनं खरंच काही मागतलं नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "दसऱ्याले बोलाव तिले घरी. धम्मचक्राच्या दिवशी घरचं माणूस घरी पाहिजे."

ती आली. बाबांनी तिला जेवायला आपल्या शेजारी बसवलं आणि तिच्या गळ्याकडे पाहून काहीच विचारलं नाही.

मी बौद्धच आहे. सहन करण्याचे गोडवे गाणाऱ्या कोणत्याही धर्माचा मला आजही संशय येतो, आणि तो मी सोडणार नाही. खाप्याला कोणी गेलंच, तर विणकरांच्या गल्ल्या पाहा, कन्हानच्या घाटावर सकाळी बसा. वहिनी आता नाही. तिला मी कधी समजून घेऊ शकले नाही. पण तिच्यावर संशय घेणं मला त्या दसऱ्यानंतर कधी जमलं नाही.