मॅकग्रेगरांनी लावलेल्या पाट्या

तुम्ही नाव सांगितल्यावर कुणी पुन्हा "पूर्ण नाव?" असं विचारलं, तर त्याला नेमकं काय हवं असतं, हे तुम्हाला ठाऊक नाही का?

तोक्योतल्या आमच्या संस्थेत शोधनिबंधांचं इंग्रजी तपासणारे एक स्कॉटिश म्हातारे होते. प्रत्येक नव्या माणसाशी हात मिळवताना ते म्हणत, "मॅकग्रेगर. म्हणजे ग्रेगरचा मुलगा. एके काळी एवढं बोललो असतो तर फासावर गेलो असतो."

ही थट्टा नव्हती. चारशे वर्षांपूर्वी, एका लढाईनंतर चिडलेल्या राजाने ते आडनावच कायद्याने पुसलं. लावणाऱ्याला मृत्युदंड. माणसं ग्रॅहम, ड्रमंड अशी दुसऱ्यांची आडनावं घेऊन जगली. बंदी उठली, परत आली. कायमची उठायला पावणेदोनशे वर्षं गेली.

मी माझं आडनाव टाकलेलं. "आमच्याकडे आडनावावरून जात काढतात," मी तावातावाने म्हणाले. "तुम्ही मिरवता कसलं?"

"तू टाकलंस, पोरी. आमचं हिसकावलं. आपला शत्रू एकच आहे: नावावरून माणसाची लायकी ठरवणारा."

२०११च्या त्सुनामीनंतरच्या वर्षी ते मला जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर घेऊन गेले. घरं वाहून गेलेल्यांसाठी तिथे तात्पुरत्या खोल्यांच्या रांगा होत्या. जपानी घराच्या दाराशी आडनावाची पाटी असते. इथे नुसते नंबर. मॅकग्रेगरांनी घासून गुळगुळीत केलेल्या फळ्या आणल्या होत्या. भिंतीला खिळा मारायची परवानगी नव्हती, म्हणून चिकटपट्टीही. शिवाय शाई आणि ब्रश: ज्याने त्याने आपलं आडनाव स्वतः लिहायचं.

"दोन वर्षांची तर सोय आहे," व्यवस्थापक म्हणाला. "पाट्या कशाला?"

"दोन वर्षं नंबर होऊन राहून बघा."

शेवटच्या खोलीतल्या आजींनी ब्रश हातात घेतलाच नाही. त्यांच्या नवऱ्याला समुद्राने नेलं होतं. तो सापडला नव्हता. त्या कुणाशी बोलत नसत. शेजारी त्यांना "सात नंबर" म्हणत.

"हे नाव त्यांचं," आजी म्हणाल्या. "मी एकटी उरले. लिहून सांगू कुणाला?"

"पोस्टमनला," मॅकग्रेगर म्हणाले.

आजी किंचित हसल्या. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी लिहिलं: ओनोदेरा. शाई वाळेपर्यंत त्या हलल्या नाहीत. आम्ही निघालो तेव्हा समोरची बाई विचारत होती, "ओनोदेरा-सान, चहा घेता का?"

गेल्या हिवाळ्यात मॅकग्रेगर वारले, तोक्योशेजारच्या ग्योतोकुतल्या घरात, एकटे. दारावर ठळक अक्षरांत नाव होतं. तरी पोलिसांनी विचारल्यावर शेजारी एवढंच म्हणाला, "वरच्या मजल्यावरचे परदेशी."

तोक्योत तोयोसु-फुनाबोरीच्या इमारतींत राहणाऱ्या भारतीयांनो, आज घरी गेलात की शेजारचं दार वाजवा. नाव विचारा. सांगतील तेवढंच घ्या, आणि उद्या लिफ्टमध्ये भेटलात की त्याच नावाने हाक मारा.