काळ्या रानात पुरलेला पापुद्रा

पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा मी जालन्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. आठवडाभर तास, प्रॅक्टिकल, पेपर तपासणं. आणि सुट्टी लागली की पुणं. तिथल्या एका प्रयोगशाळेत माझे सेन्सर तयार व्हायचे. सेन्सर म्हणजे सिलिकॉनचा तिळाएवढा तुकडा, त्यावर केसाहून कितीतरी पातळ असा एक पापुद्रा. तो ओल शोषून फुगतो, आणि किती फुगला यावरून मातीत पाणी किती आहे ते कळतं. निदान कागदावर तरी असंच होतं.

तो पापुद्रा धड उतरायला वर्षं गेली. डोळे सोडून सगळं अंग पांढऱ्या कपड्यांत झाकून मी आत उभी राहायची. कधी धुळीचा कण बसून सिलिकॉनची अख्खी चकती वाया जायची, कधी मशीनच बंद पडायचं. मग पुढची पाळी पुढच्या सुट्टीत. परतीच्या गाडीत वाचायला घेतलेला रिसर्च पेपर मांडीवर तसाच पडून राहायचा.

जालन्यात मस्तगडातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर आई अधूनमधून येऊन राहायची. एकदा मी तिला भिंगातून चिप दाखवली. तिनं बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "हे करून राह्यली व्हय तू इतके दिवस? झोपत जा गं जराशी."

सेन्सर प्रयोगशाळेत चालायला लागले तेव्हा मी ते जाफराबादकडच्या आमच्या रानात पुरायचं ठरवलं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी कपाशीच्या ओळीत जागा काढून दिली. पावसाळा चालू होता. मोबाइलवर आकडे बरोबर येत होते. पाऊस पडला की वर, ऊन पडलं की हळूहळू खाली. फार दिवसांनी मला नीट भूक लागली.

मग पावसानं उघडीप दिली. एकेक सेन्सर गप्प होत गेला. एक मात्र चालू होता, पण माती पार कोरडी असल्याचं सांगत होता. शनिवारी कॉलेज सुटल्यावर एसटी आणि पुढे जीप करून मी रानात पोचले आणि खुरप्यानं उकरायला बसले. काळी माती वाळून आकसली होती, हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मातीनं सेन्सरच्या तारा ओढून तोडल्या होत्या, पापुद्रे फाटले होते. चालू राहिलेला सेन्सर भेगेत अधांतरी लटकत होता. तो बिचारा हवा मोजत होता.

बाबा बांधावर उभे होते. "सगळेच गेले?"

"सगळेच."

"मंग आता?"

मी खुरपं खाली ठेवलं. या भेगा मला काय नव्या होत्या? लहानपणी त्यांत काड्या घालून खेळलेली मी. पण प्रयोगशाळेत जी माती मी वापरली ती चाळलेली, डब्यात दाबून भरलेली होती. डब्यातली माती आकसायच्या आधीच मोजमाप संपायचं.

गाईड सरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, आता शेताचा नाद सोडा. कुंडीत वाळू घ्या, तिच्यात रीडिंग घ्या. तेवढ्यावर थीसिस होतो. तुम्हाला संपवायचंय ना?"

संपवायचंच होतं. मी वाळू घेतली. वाळूत सगळं सुरळीत चाललं. शेताचा प्रयोग थीसिसमध्ये घ्यायचा नाही असं सरांनी ठरवलं आणि वाद घालण्याएवढं त्राण माझ्यात नव्हतं.

व्हायवाच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. पानं चाळत त्यांनी विचारलं, "हा सेन्सर शेतासाठी म्हणता. शेतात लावून पाहिला?"

मी गाईड सरांकडे पाहिलं. ते पाण्याच्या ग्लासकडे बघत होते.

"पाहिला, सर. काळ्या मातीत टिकत नाही. माती वाळली की फाटतो."

मग परीक्षकांनी चष्मा काढला. "हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाही."

"मग लिहा. का फाटतो, कुठून फाटतो, सगळं. ते प्रकरण आल्याशिवाय मी सही करणार नाही."

जालन्याच्या गाडीत मी इतकी गाढ झोपले की कंडक्टरनं हलवून उठवलं, "म्याडम, उतरा, जालना आलं." स्टँडवर बाबा मला घ्यायला आले होते.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. अजून एक प्रकरण लिहायचंय."

त्यांनी माझ्या खांद्यावरची बॅग घेतली. "चल, आधी जेवून घे," म्हणाले.

ते प्रकरण मी दिवाळीच्या सुट्टीत गावी बसून लिहिलं. फाटलेले पापुद्रे भिंगाखाली धरून फोटो काढले. प्रत्येक पापुद्रा तार जोडलेल्या कोपऱ्यातूनच फाटायला लागला होता. एवढ्या वर्षांत मला स्वतःला काही तरी नवं कळलं असं वाटलेलं ते एकच प्रकरण. त्याचा आनंद झाला, पण दमलेल्या माणसाला होतो तेवढाच.

पदवी मिळाल्याचं कळलं तेव्हा मी प्रॅक्टिकलला होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्या वह्या तपासून पूर्ण केल्या आणि खोलीवर येऊन, आईला फोन करून, संध्याकाळीच झोपले.